डिकीतल्या उलट्या तारा

म्हाळसाच्या गाडीचं चाक नेमकं यशराजच्या दुकानाशेजारीच पंक्चर व्हावं, याला कुणी योगायोग म्हणो, कुणी खंडोबाची कृपा! इंदापूरच्या रोपवाटिकेत काम करणारी ही पोरगी मिरचीची रोपं पोचवायला बारामतीत आली होती. पंक्चरवाला चाक खोलत होता, गाडीत गाणं चालू होतं. तेवढ्यात कार-टेपच्या दुकानातून यशराज हात पुसत बाहेर आला.

"ओ, गाडीत बेसचा सबवूफर हाय का?"

"हाय की! नवाकोरा."

"मग आजारी दिसतोय. धाप लागलीय त्याला."

अस्सा राग आला तिला! स्वस्तातली असली म्हणून काय झालं, हौसेनं घेतलेली वस्तू. "मोठा ॲम्प्लिफायर गळ्यात मारायचा बेत दिसतोय," ती फणकारली.

"नवं काहीच घेऊ नका," तो हसला आणि डिकीत शिरला.

त्यानं सबवूफरच्या खोक्याचं तोंड सीटकडून फिरवून मागच्या दाराकडं केलं. फटी बुजवल्या, खडखडणाऱ्या पत्र्यामागं जुनी गोधडी कोंबली. मग तारा बघून कपाळाला हात लावला. "प्लस-मायनस उलटं जोडलंय. दारातले स्पीकर हवा पुढं ढकलत्यात, तवा ह्यो मागं ओढतोय. एकमेकांचा आवाज मारत्यात नुसता."

त्यानं तारा बदलल्या आणि... आई गं! हलगीचा ठेका पाठीतून थेट छातीत उतरला. पुढच्या सीटवर बसलेल्या म्हाळसानं डोळे मिटले. उघडले, तर तो आरशातून तिच्याकडंच बघत होता. झालं! पोरगी गेली कामातून.

पण पुन्हा यायचं कसं? गाडी तर ठणठणीत. मग तिनं शक्कल लढवली. बारामतीला रोपं घेऊन निघाली, की वाटेत सणसरजवळ गाडी बाजूला घ्यायची, डिकी उघडायची आणि तारा गुपचूप उलट्या खोचायच्या. दुकानात शिरताना तोंड एवढंसं करायचं — "ओ, बेस पुन्हा गेला बघा." तो तारा बदलायचा, चहा मागवायचा. सगळ्या गिऱ्हाइकणींना ताई-ताई करणारा हा गडी तिला मात्र नुसतं 'ओ' म्हणायचा. तेवढ्यावर तिचा आठवडा गोड जायचा.

आज तिनं तारांना हातही लावला नव्हता. रविवारी माळेगावचं स्थळ बघायला येणार होतं. साखर कारखान्यात नोकरी, तिच्या वडलांना, आबांना, पसंत. आज हा बोलला नाही, तर संपलंच सगळं.

"बेस गेला," ती कशीबशी म्हणाली.

यशराजनं डिकी उघडली आणि गोंधळला. "आज तर तारा सरळच हायत की!"

"आज म्हंजे?" म्हाळसा गर्रकन वळली. "तुमाला... ठावं व्हतं?"

त्याचे कान लाल झाले. "धक्क्यानं तार निसटती ओ. पण उलटी व्हऊन परत खोचली जात न्हाय."

"मग सोल्डर मारून पक्क्या का न्हाय केल्या?"

"केल्या असत्या... तर तुमी परत कशाला आला असता?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आता येणारच न्हाय. रविवारी माळेगावचा पोरगा बघायला येतोय मला. आवडत असंन तर आत्ता बोला. नसंन... तर एकदा ताई म्हणा. मी जाते."

यशराज दुकानात वळला. सोल्डरची गन घेऊन आला आणि डिकीत वाकला. म्हाळसाचा जीव खाली-वर. हा तर कायमचंच मिटवायला निघाला की!

तारा पक्क्या करून तो उठला. घाम पुसला.

"आता ह्या हलायच्या न्हाईत. तुमी यायचं कामच न्हाय." त्यानं गन खाली ठेवली. "आता मी येतो. उद्या, आईला घेऊन. आबांना सांगाल?"

"काय सांगू? कशाला येताय म्हणून?"

"म्हाळसाला मागायला."

पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं त्यानं. तिनं मान हलवली आणि गाडीत बसली.

परतताना सणसर आलं, तसा सवयीनं पाय ब्रेकवर गेला. मग एकटीच खुदकन हसली, आणि आवाज वाढवून तिनं गाडी पुढं काढली.