मधला 'व'

सामाजिक शास्त्राच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचे तास विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात पडले. "इतिहासाला काय लागतं? धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं द्यायची," मुख्याध्यापक म्हणाले होते. बाईंना ते जमेना. प्रयोगशाळेत त्या मुलांना आधी 'काय दिसलं' ते सांगायला लावत आणि मगच 'का'कडे वळू देत. तीच शिस्त त्यांनी इतिहासालाही लावली. पुस्तक मिटायचं, साधन समोर ठेवायचं आणि त्यालाच विचारायचं: तू कुणाचं, केव्हाचं, आणि तुला हे कसं माहीत?

'आपला परिसर' या धड्यासाठी त्यांनी दोन साधनं निवडली. पहिलं, शाळेची जुनी स्मरणिका. तिच्यात या जागेबद्दल एकच वाक्य होतं: 'शाळेसाठी येथील वस्ती उठली.' दुसरं, त्या वस्तीतल्या एका म्हातारीचा आवाज. तिच्या खाटेशेजारी बसून बाईंनी तो स्वतः मोबाइलवर टिपला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हातारी गेली.

"उठली कसली, पोरी," आवाज वर्गात म्हणाला. "उठवली. चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. म्हटलं, एवढी चूल तरी विझवू द्या. नाही दिली. पेटती चूल टाकून कुणी जातं का?"

बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. उठली. उठवली. "फरक सांगा."

"मधला व, बाई," मागच्या बाकावरून उत्तर आलं. त्या मुलाला सगळे वकील म्हणत. "आमच्या घरी रोज हेच चालतं. मी उठत नाही, मला उठवतात."

वर्ग खिदळला. बाईंनाही हसू आलं. "मग घरच्या इतिहासात काय लिहायचं?"

"आई लिहिणार असेल तर उठला. मी लिहिणार असेन तर उठवला."

साधनं कशी वाचावीत हे याहून सोप्या शब्दांत बाईंनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरून त्यांची लेक म्हणाली, "बाई, इथली फरशी गरम आहे." शाळेत ती त्यांना बाई म्हणायची. फाटकाबाहेर पडलं की आई. हा नियम तिचा तिनेच केला होता.

तिने बूट काढून पाय फरशीवर टेकवले होते. त्या बाजूला सकाळी ऊन येत नसे. बाई खाली वाकल्या, हात लावला आणि मग प्रयोगशाळेतून तापमापक घेऊन आल्या. शेजारच्या फरशीवर पारा जागचा हलला नाही. लेकीच्या पायाखालच्या फरशीवर तो सावकाश चढत राहिला.

"खालून पाइप गेलाय का?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"नाही हो. खाली नुसती माती."

पुढच्या तासाला त्यांनी म्हातारीचा आवाज पुन्हा लावला. टिपताना खोलीत पंख्याची घरघर होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आता आवाजामागे पंखा नव्हता. पाणी उकळत होतं.

मुलांनी मान वर केली नाही. बहुतेकांनी बूट काढून ठेवले होते.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. वर्धापनदिनाला संस्थेचे अध्यक्ष वर्गावर येणार होते. ही शाळा त्यांच्या वडिलांनी उभारलेली.

"बाई, गाडलेलं उकरून कुणाचं भलं झालंय?"

"मी उकरत नाही, सर. ऐकवते."

"तुमची नेमणूक अजून कायम झालेली नाही. कागद त्यांच्या टेबलावर आहेत." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मी तुम्हाला खोटं लिहा म्हणतोय का? स्मरणिकेत आहे तेच लिहा. एक 'व' तर काढायचाय."

घर बाईंच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. त्यांनी मोबाइलमधला आवाज पुसून टाकला. वर्गात जाऊन फळ्यावरचा 'व' बोटाने पुसला आणि उरलेली अक्षरं जवळ आणून नीट लिहिली.

"पण बाई, आजी तर म्हणाल्या..." वकील उठून बोलू लागला.

"आजींना कसं माहीत? म्हातारपणी माणूस काहीही बोलतं," बाई म्हणाल्या. स्वतःचाच प्रश्न असा फिरवता येतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. "म्हणा सगळे. वस्ती उठली."

कुणीच म्हटलं नाही. वकील खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

वर्धापनदिनी अध्यक्ष दारात आले. मागे मुख्याध्यापक, हातात पुष्पगुच्छ. अशा वेळी वर्ग एका झटक्यात उभा राहतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

वर्ग बसून राहिला.

बाकांखाली बूट ओळीने मांडलेले. सगळ्यांचे तळवे फरशीला घट्ट टेकलेले. खिडकीच्या काचा आतून वाफेने धुरकटल्या होत्या.

"उठा!" मुख्याध्यापक ओरडले.

कुणी हललं नाही.

अध्यक्ष हसले. "शिस्त कमी पडतेय, बाई."

"बघताय काय?" मुख्याध्यापक दातओठ खात म्हणाले. "उठवा त्यांना."

बाई खिडकीकडे गेल्या. लेकीचा दंड धरला. ओढला. पोर हलकी होती, पण जमिनीत रोवल्यासारखी बसली होती. बाईंनी दुसरा हात लावला.

लेकीने वर पाहिलं.

"थांब पोरी," ती म्हणाली. "एवढी चूल विझवू दे."

बाईंनी ओढलं.

फरशीखाली चर्र आवाज झाला. ओल्या राखेचा वास वर्गभर पसरला. आणि सगळी मुलं एकदम उभी राहिली. ताठ, हात बाजूला. अध्यक्षांनी मान डोलावली.

नेमणुकीचा कागद त्याच आठवड्यात हातात आला. खिडकीकडची फरशी आता इतर फरश्यांसारखीच गार आहे. बाईंनी तापमापक लावून खात्री करून घेतली.

लेक घरातही त्यांना बाई म्हणते. चिडून नाही, अगदी अदबीने. शाळेतून आली की बूट काढत नाही. कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन दाराशी बसून राहते. बाईंनी जेवायला हाक मारली की मान वर करते आणि विचारते,

"इथून कधी उठवणार, बाई?"