एर्मेकचा फोन, माझं इंटरनेट

ज्या माणसाने माझी तार तोडली, त्याच्याच मी प्रेमात पडले. हसा खुशाल! तेव्हा मीही हसलेच होते.

सप्टेंबर होता. किरगिझस्तानातल्या आमच्या काराकोलमध्ये सप्टेंबरात गवताचे ट्रक सुरू होतात, जनावरांची हिवाळ्याची बेगमी. ट्रक घराएवढा उंच भरायचा आणि वर कोणाची तार आहे हे मुळीच बघायचं नाही, ही इकडची रीतच. मी लॅपटॉपसमोर बसून मॉस्कोतल्या सात मुलांना किरगिझ शिकवत होते. आईबाप तिकडे कामाला गेलेले, पोरं आपली भाषा विसरत चाललेली, म्हणून माझा हा दुपारचा वर्ग. मी हातात सफरचंद धरून विचारलं, "सांगा, हे काय?" आणि पडद्यावरचे सातही चेहरे तोंड उघडून जागच्या जागी थांबले. बाहेर काहीतरी सण्णकन तुटलं होतं.

मी धावत फाटकात गेले. गवताच्या ढिगावर एक उंच तरुण उभा होता. हातात आमची तार, केसांत गवताच्या काड्या.

"ही तुमची?" त्याने विचारलं.

"होती!"

"घरात दिवे आहेत ना पण?"

"दिव्यांची नाही ती, इंटरनेटची आहे! माझी सात मुलं तिकडे अडकून पडलीत!"

"सात?" त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून…"

मला इतका राग आला, की हसूच फुटलं.

तो खाली उतरला आणि खिशातून फोन काढला. "तार मी तोडली, तर भरपाईही मीच करणार. माझ्या फोनवरून चालवा वर्ग." माझा स्वतःचा फोन होता, पण त्याची रेंज आमच्या गल्लीत जेमतेम बोलण्यापुरती यायची. त्याच्या कंपनीची मात्र छान येत होती. त्याने हॉटस्पॉट सुरू करून फोन माझ्या खिडकीत ठेवला आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसला. फोन टाकून जाणार कुठे बिचारा! आईने त्याला चहा दिला, पिठाचे गोळे तळून केलेले गरम बोरसोक दिले, वर जर्दाळूचा मुरंबा. नाव एर्मेक, गाव डोंगरापलीकडे नारिनकडचं, घरी एकटी आई. हे सगळं माझा वर्ग संपायच्या आत आईने काढून घेतलं होतं.

तारवाला पाच दिवस उगवलाच नाही. ते पाचही दिवस एर्मेक दुपारी दोनला ट्रक घेऊन हजर. पडदा वाऱ्याने उडायचा, तो बाकावरून आत बघायचा… आणि मी शिकवता शिकवता वाक्य विसरायचे. सहाव्या दिवशी तार जोडली गेली, इंटरनेट धो धो आलं, आणि मला रडू यायला लागलं.

सुदैवाने तारच बेभरवशाची. वारा सुटला की जायची, कोणाचा तरी ट्रक अडकला की जायची. आणि आता खोटं कशाला बोलू, दोन-तीनदा मी स्वतःच मागची वायर उपसून ठेवली. एकदा त्याने ती लोंबती वायर पाहिली.

"उंदीर फार झालेत वाटतं तुमच्याकडे?"

"हो ना. केवढाले!"

"मग रोजच यावं लागणार म्हणायचं…" असं म्हणून तो फोन ठेवायला खिडकीत वाकला. त्याच्या सदऱ्याला सुक्या गवताचा वास येत होता. मी पडदा सारखा करत राहिले. बोलायला हवं होतं.

एकच अडचण होती. त्याच्या फोनवर कोणाचा कॉल आला, की वर्ग बंद पडायचा. मग त्यानेच युक्ती काढली. वर्गापुरते त्याचे कॉल माझ्या फोनवर वळवून ठेवायचे.

"आला कोणाचा तर तूच घे," तो म्हणाला. एव्हाना आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो. "सांग, नंतर कर म्हणून."

"आणि मुलीचा आला तर?"

"तर सांग, लग्न झालं माझं."

"कोणाशी झालं, विचारलं तर?"

"ते तू ठरव ना…" तो म्हणाला आणि चहाच्या वाटीत बघत बसला.

ऑक्टोबर संपता संपता तो कॉल आला. वर्ग रंगात होता, सातही पोरं पडद्यावर, आई स्वयंपाकघराच्या दारात पीठ मळत उभी. मी फोन उचलला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"एर्मेकचा फोन ना हा? तू कोण गं? … थांब, तूच का ती बुरुल?"

"हो, आपा."

"हे बघ बाळा, असं फोनवर विचारू नये, कळतं मला. पण पोरगा तुझ्याशिवाय दुसरं काही बोलत नाही. इथे आमच्या गावात एका मुलीच्या घरचे लोक माझ्या होकारासाठी खोळंबलेत. मी त्यांना नाही सांगते. तू फक्त बोल, कानातलं घेऊन येऊ का मी? बर्फाने घाट बंद व्हायच्या आत निघायला हवं."

आमच्यात मुलाच्या आईने मुलीच्या कानात कानातलं घातलं, की लग्न ठरलं. आणि मुलीने पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणायचं नसतं. लाजून 'छे, काहीतरीच' म्हणायचं, मग समोरच्यांनी पुन्हा विचारायचं. मी हेच बघत वाढले. त्यात सात पोरं कान टवकारून ऐकत होती, आईचे हात पिठात थांबले होते…

"छे हो आपा! तसं काही नाही. मी त्याचं नुसतं इंटरनेट वापरते."

पोरं खो खो हसली. त्याची आई समोर असती, तर माझे लालबुंद गाल तिला दिसले असते. फोनवर गाल दिसत नाहीत.

"असं होय," ती हळूच म्हणाली. "बरं बरं. सुखात राहा हो." आणि तिने फोन ठेवला. पुन्हा विचारलंच नाही तिने.

चार दिवसांनी एर्मेक आला. तार चालू असतानाच आला. हातात एक जुनाच पण धडका फोन.

"यात माझ्याच कंपनीचं सिमकार्ड घातलंय. तार गेली की हा चालू करायचा. आता कोणाची वाट बघायला नको तुला." मग बुटाने माती उकरत त्याने विचारलं, "बुरुल… आईला तू खरंच तसं म्हणालीस?"

"वर्ग चालू होता रे… मुलं होती समोर."

"आता कोणी नाहीये."

खरंच कोणी नव्हतं. तो होता, मी होते, आणि फाटक. सगळं अगदी ओठांवर आलं होतं हो! पण मला वाटलं, अजून एकदा विचारू दे. नीट, हात धरून विचारू दे. मी फोन उलटसुलट करत म्हटलं, "यात डेटा किती दिवस पुरतो?"

त्याने ट्रकचं दार उघडलं.

"महिनाभर," तो म्हणाला. "पुढचं तू भर." आणि ट्रक सुरू करून गेला.

बारा दिवस मी तोऱ्यात वाट बघत बसले. मूर्ख कुठली! तेराव्या दिवशी तार गेली. त्याचा फोन मी खिडकीत ठेवला, वर्ग एकदाही न अडखळता पार पडला. इतका सुरळीत, की माझा जीव घाबरा झाला. मुलांना निरोप देऊन मी त्याच फोनवरून त्याला कॉल लावला. या वेळी बोलायचंच होतं. 'आपांना म्हणावं, या. आजच या.' वाक्य दहादा घोकून ठेवलं होतं.

"हॅलो?" आवाज त्याच्या आईचा होता. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका. "एर्मेक पाहुण्यांसाठी मेंढी कापायला गेलाय. कोण बोलतंय?"

"मी… बुरुल, आपा."

मग ती दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण आवाज शांत झाला.

"आज सकाळीच घातलं गं कानातलं, त्या मुलीला," ती म्हणाली. "बाळा, विचारलं होतं ना मी तुला…"

"हो, आपा," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं होतंत."