चौथ्या नोडमधली चार मिनिटं

सही चार वाजेपर्यंत व्हायची होती. कागद टाइप होऊन तयार होता: ‘माझ्या दुर्लक्षामुळे रुग्णवाहिका चार मिनिटं उशिरा पाठवली गेली.’ वर आजची दोन तारीख, खाली रिकामी रेघ.

जिला सही करायची होती त्या मुलीला सगळे ‘बारा नंबर’ म्हणत. आपत्कालीन फोन घेणाऱ्या खोलीत ती बाराव्या खुर्चीवर बसायची. नऊ दिवसांपूर्वी, भर दुपारी, नवऱ्याच्या छातीत कळा येताहेत म्हणून एका बाईने फोन केला. गाडी पोचली तेव्हा नवरा गेला होता.

तपासाला वरच्या कार्यालयातून चाळणीबाई आल्या. खडा सापडल्याशिवाय हातातली चाळणी खाली ठेवत नाहीत, म्हणून हे टोपणनाव. पंचावन्न वय, दुखरे गुडघे, बोलणं मोजकं. त्यांनी कागद वाचला आणि तो पालथा घातला.

“पत्ता लिहून घेतल्यावर काय केलंस?”

“‘पाठवा’चं बटण दाबलं. स्क्रीन गोठली. मग आणखी दोनदा दाबलं. त्या बाई फोनवर रडत होत्या आणि मी नुसती, गाडी येतेय, येतेय म्हणत होते.”

“बाकीच्यांच्या स्क्रीन?”

“त्याही गोठल्या होत्या. त्या दिवशी गॅसगळती झाली होती, फोनवर फोन चालू होते. पण त्यांच्या फोनवरचं कुणी दगावलं नाही ना. आता कुणाला काही आठवत नाही.”

“आधी गोठायची?”

“तीनेक आठवडे चाललंय. सुरुवातीला कधीही व्हायचं. नंतर सकाळचं थांबलं, फक्त दुपारनंतर.”

“कुणाला सांगितलंस?”

“मामांना. पंधरा दिवस झाले. ते म्हणाले, लेखी देऊ नकोस, नवीन आहेस, तुझंच नाव खराब होईल.” मग ती घाईने म्हणाली, “माझ्या भल्यासाठीच म्हणाले ते. ही नोकरीही त्यांनीच लावून दिली.”

मामा म्हणजे यंत्रखोलीचे प्रमुख, तिच्या आईचे सख्खे भाऊ.

त्यांच्या केबिनमध्ये सुगंधी फवाऱ्याचा इतका मारा होता की श्वास घशात चिकटत होता. भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र होतं, ‘सर्वांत वेगवान सर्व्हर, प्रथम क्रमांक’. तारीख गेल्या महिन्याची नऊ. काच नुकतीच पुसलेली दिसत होती.

“पोरगी गुणी आहे हो,” मामा म्हणाले. “डुलकी लागली असेल. मी सांगितलंय तिला, सही कर, महिनाभर घरी बस, मामा आहे ना, परत घेतो तुला. बहिणीची लेक आहे, वाऱ्यावर कसं सोडणार?”

“ती म्हणते मशीन गोठलं.”

“हा घ्या त्या दुपारचा अहवाल. साठ टक्के मेमरी रिकामी होती. एवढी जागा असताना मशीन गोठेल कसं?”

अहवाल खरा होता.

“सर्व्हर अलीकडे कुणी बंद-चालू केला? सेटिंग बदललं?”

“वर्षभरात कुणी हात लावलेला नाही. फार तर त्या कंपनीवाल्याला विचारा. कधीकधी येऊन काहीतरी खुडबुड करतो.”

कंपनीवाला म्हणजे सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ. खापर आपल्या डोक्यावर फुटणार ही भीती तो चेहऱ्यावर घेऊनच आला. पण दारावरच्या वहीप्रमाणे त्याची शेवटची फेरी चार महिन्यांपूर्वीची होती.

“मशीन शेवटचं बंद-चालू कधी झालं?” चाळणीबाईंनी यंत्रखोलीत उभ्या उभ्याच विचारलं.

त्याने टाइप केलं. “गेल्या महिन्याच्या नऊला. पण बाई, मी नव्हतो.”

“माहीत आहे. आता त्या दुपारची मेमरी दाखवा. एकूण नको, नोडवार, म्हणजे मशीनच्या एकेका भागाची.”

त्याने नोंद उघडली आणि बघतच राहिला. पहिले तीन नोड जवळजवळ रिकामे होते. चौथा काठोकाठ भरलेला.

“हे मशीन एकसंध होतं,” तो पुटपुटला. “मीच तसं लावून दिलं होतं.”

“पहाटे आपोआप काही चालतं का?”

“हो. रोज पाचला फोनचा प्रोग्राम बंद होऊन परत सुरू होतो. चौदा दिवसांपासून.”

“कुणाच्या नावाने?”

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चाळणीबाईंनी नाव वाचलं आणि प्यायला पाणी मागितलं.

साडेतीनला सगळे मामांच्या केबिनमध्ये जमले. मामांनी पेन काढून भाचीसमोर ठेवलं होतं. चाळणीबाईंनी कागद टेबलावर पालथाच ठेवला आणि आधी खिडकी उघडली.

“प्रोसेसरमध्ये पुष्कळ कोअर असतात,” त्या म्हणाल्या, “म्हणजे काम करणारे हात. मेमरी म्हणजे त्यांच्या हाताशी असलेली फळी. सगळ्यांची मिळून एक फळी ठेवता येते, किंवा एका सेटिंगने चार भाग पाडता येतात. प्रत्येक भाग म्हणजे एक नोड, त्याचे हात वेगळे, फळी वेगळी. जवळचं सामान पटकन मिळतं, म्हणून काही चाचण्यांत वेगाचा आकडा वाढतो. बरोबर ना, मामा?”

मामांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं.

“नऊ तारखेला तुम्ही मशीन बंद केलं, चार भाग पाडले आणि चालू केलं. स्पर्धेच्या चाचणीला मोकळी जागा हवी होती, म्हणून लोकांच्या जीवावरचे फोन घेणारा प्रोग्राम उचलून चौथ्या नोडला जखडला. त्याने फक्त आपलीच फळी वापरायची. ती भरली की शेजारच्या तीन रिकाम्या असल्या तरी तिकडे हात घालायचा नाही, सामान डिस्कवर टाकायचं, म्हणजे लांबच्या गोदामात. तिथून परत आणेपर्यंत स्क्रीन गोठते. तुमची साठ टक्के मेमरी रिकामीच होती. ती फक्त हिच्या वाट्याची नव्हती.”

“नंतर पूर्ववत करायचं राहून गेलं,” मामा म्हणाले. “विसरलो. माणूस आहे मी.”

“विसरला असतात तर मी इथे बसून तुमचा चहा घेतला असता. भाचीने तक्रार केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही पहाटेचा कार्यक्रम लावलात. रोज पाचला चौथी फळी रिकामी, म्हणून सकाळी स्क्रीन गोठायची थांबली. दुखणं तुम्हाला ठाऊक होतं. नीट करायला सर्व्हर बंद करावा लागला असता, लेखी कारण द्यावं लागलं असतं आणि प्रथम क्रमांक कसा आला ते उघड झालं असतं. रोजच्या फोनांना फळी दुपारपर्यंत पुरायची. गॅसगळतीच्या दिवशी तेवढीही पुरली नाही.”

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. “चोर पाहिलेत मी, मारेकरी पाहिलेत. पण माणूस मेल्यावर ते पाप बहिणीच्या लेकीच्या नावावर टाइप करून घेणारा मामा आज पाहिला. शिसारी येते हो तुमची.”

मग मामांनी भाचीकडे पाहिलं, नेहमीसारखंच, मायेने. त्या पाहण्याने कंपनीवाल्यानेही मान फिरवली.

“घरातलं आहे, घरात मिटवू,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या आईला काय सांगू मी?”

बारा नंबरने पेन उचललं. कागद पालथाच होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने एक फोन नंबर लिहिला, कुठेही न अडखळता. नऊ दिवस तो तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

“आईला मी सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी फोनवर रडणाऱ्या बाईंना सांगा.”

आणि टेबलावरचा फोन तिने मामांपुढे सरकवला.