आर्विडनं आवळलेले नट

हसायचं नाही, मध्येच काही विचारायचं नाही. हे मला डेलमर केटरलिंगनं स्वतः सांगितलंय. आणि घाबरलो असं कबूल करणाऱ्यांतला तो नव्हे.

गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. संध्याकाळचे पावणेसात, म्हणजे आपल्या नॉर्थ डकोटात मिट्ट काळोख. सूर्यफुलाच्या बियांनी भरलेला एक ट्रक टायर फुटून काउंटी रोडवर उभा होता. डेलमर टायर-दुरुस्तीची गाडी घेऊन पोचला आणि केबिनमधली बाई पाहून त्याचं तोंड वाकडं झालं. अर्डिस रूड. आर्विडची बायको.

दोन वर्षांपूर्वी डेलमरनं बसवलेलं चाक चालत्या ट्रेलरवरून निखळलं आणि कडेला कुंपण दुरुस्त करणाऱ्या आर्विडच्या छातीवर बसलं. जागीच गेला तो. चाक बसवल्यावर पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळायचे असतात. यानं ते ड्रायव्हरला सांगितलंच नव्हतं. वर गावभर म्हणत फिरला, "चाक येताना दिसत नव्हतं का म्हाताऱ्याला?" असा माणूस.

"साठ मैलांत दुसरं कुणी नाही, म्हणून तुला बोलावलं," अर्डिस म्हणाली.

डेलमरनं नट सोडवायची हवेची गन लावली. नुसता खडखडाट. नट ढिम्म.

"कुणी आवळलेत हे?"

"आर्विडनं. जायच्या आदल्या आठवड्यात."

"तरीच! भित्रा गडी. त्याला वाटायचं, चाकं काय उडतातच!"

बुटाला लागलेल्या शेणाकडे बघावं तसं अर्डिसनं त्याच्याकडे बघितलं. काच वर केली.

मग त्यानं टॉर्क मल्टिप्लायर काढला. तुम्हाला माहीत आहे, पोटात गिअर असलेला तो जाडजूड पाना. त्याचा पोलादी टेकू शेजारच्या नटाला टेकवायचा आणि हँडल फिरवत बसायचं. हँडलचे साठ वेढे, तेव्हा नटाचा एक. हत्ती बांधला असला तरी सुटतो.

पहिला सुटला. कण्हल्यासारखा आवाज करत. दुसरा, तिसरा... सातही त्यानं फडक्यावर ठेवले. "बघ म्हाताऱ्या," तो पुटपुटला, "तुझी ताकद एवढीच."

आठवा राहिला. टेकू त्यानं आसाच्या कडेला लावला. हँडल तीस वेढे फिरलं. चाळीस.

मग अडलं.

त्यानं सगळं वजन टाकलं. हँडल हललं...

उलटं.

डेलमरनं हात काढून घेतला. हँडल फिरतच होतं. सावकाश. न थांबता. आवळायच्या दिशेनं.

त्यानं केबिनकडे पाहिलं. अर्डिस आतच होती, डोळे मिटून.

हँडल थांबलं.

त्यानं हातातली बॅटरी फडक्याकडे वळवली. फडकं रिकामं.

चाकाकडे वळवली.

आठ नट. आठही जागेवर. घट्ट.

"कोण... आहे?"

वारा नव्हता. आवाज नव्हता. फक्त त्याच्या कानाशी कुणीतरी दमून श्वास सोडला. लांब... कामावरून उठलेला माणूस सोडतो तसा.

डेलमर पळाला. पाना तिथंच, जॅक तिथंच. अर्डिस काच खाली करून ओरडली, "अरे, काम?" त्यानं मागं पाहिलं नाही. तिचा ट्रक दुसऱ्या दिवशी बिस्मार्कहून माणूस येऊन सोडवून गेला. नट गॅसनं कापावे लागले. डेलमरनं तो धंदाच सोडला. आता धान्याच्या कोठारावर झाडू मारतो, आणि कुणाला म्हातारा म्हणत नाही.

पण त्या रात्रीचं एक राहिलं. अकरा मैलांवर पेट्रोल पंपाचे दिवे दिसले, तिथं तो थांबला. खाली उतरून गाडीला टेकला, आणि नजर चाकांवर गेली. चारही चाकांच्या नटांवर पांढऱ्या रंगाची बारीक, सरळ रेघ. आवळून तपासला की मारतात तशी. उणे बारा तापमान, आणि रंग बोटाला ओला लागत होता.

डाव्या मागच्या चाकाच्या एका नटावर मात्र रेघ नव्हती.

डेलमरनं त्याला नुसतं बोट लावलं.

नट फिरला.