तासबुरुजावरची हाक

हे खरं आहे. माझ्या नातीच्या बाबतीत घडलं आणि मी स्वतः तिथे होते. पटलं नाही तर सोडून द्या, पण मी हे मनाने रचलेलं नाही.

गेल्या वर्षीची भोगी. जवळा बाजारहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. वेळ भर दुपारची.

गावात एक जुना बुरूज आहे. निजामाच्या काळात कुणा जहागीरदाराने वेळ पाहण्यासाठीच बांधलेला. रात्री गच्चीवरून चांदण्या बघून वेळ ओळखायचे. ईदचा चंद्रही तिथूनच बघायचे. दुपारसाठी आत एक अंधारी खोली आहे. भिंतीत वर रुपयाएवढं भोक. त्यातून उन्हाचा कवडसा फरशीवर पडतो आणि सरकत सरकत एका कोरलेल्या रेघेवर येतो. तो रेघेवर आला की पितळी तासावर टोला पडायचा आणि शेतातली माणसं भाकरीचं फडकं सोडायची.

माझ्या लहानपणी हे काम अबूबकर चाचा करत, ओठात सदा बिडी. माझी मैत्रीण नजमुन्निसा, आमची नजमा, तिचे ते आजोबा.

त्यांची एक रीत होती. टोला दिला की ते वरून हाक मारत, "दिवस कललाऽऽ." खाली जे कुणी असेल त्याने म्हणायचं, "कलला, या खाली." उत्तर आल्याशिवाय चाचा जागचे उठत नसत. वेळ एकट्या माणसाने ठरवू नये, म्हणायचे.

एका बाजाराच्या दिवशी सगळं गाव जवळ्याला गेलेलं. चाचांनी हाक मारली असणार. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा चाचा रेघेसमोर बसलेले होते...

डोळे उघडे. अंग गार.

त्यानंतर तिथे कुणी बसलं नाही.

माझी नात पुनम हिंगोलीच्या एका शाळेत शिकवते. भोगीला घरी आली होती. कवडशाचा व्हिडिओ काढून मुलांना दाखवायचा म्हणाली. बुरुजाची किल्ली नजमाकडे असते.

"पोरीला काहून पाठवून राहिली गं वर?" नजमा म्हणाली. "नुसती वटवाघळं हायेत तिथं."

"मास्तरीण हाय ती. वटवाघळंच भितील तिला."

पुनम हसली. "आजी, मी वरून चाचांसारखी हाक मारते. तू उत्तर दे हं. नाहीतर बसेन वरच."

ती जिना चढून गेली. आम्ही दोघी पायथ्याच्या ओट्यावर टेकलो. भोगीच्या भाजीत कुणी काय घातलं ते झालं, मग गुडघ्यांवर आलो. नजमा म्हणाली, "तुझं तोंड चालतं तसे गुडघे चालले असते तर पायी औंढ्याला गेली असतीस."

आणि वरून हाक आली...

"दिवस कललाऽऽ."

आवाज जाड होता. बुरुजात घुमला असेल, असं मला वाटलं. लहानपणची सवय जिभेवर होतीच.

"कलला, या खाली."

जिन्यावर पावलं वाजली.

सावकाश. पायरीपायरीवर थांबत.

पुनम तर उड्या मारत उतरते.

पावलं दारापर्यंत आली...

दारात कुणी नव्हतं.

फक्त बिडीचा वास आला. तो आमच्या दोघींच्या मधून पुढे गेला. नजमाने डोक्यावरचा पदर एकदम पुढे ओढला, घरातलं वडीलधारं समोर आल्यावर ओढतात तसा.

"मंजुळे," ती हळूच म्हणाली, "कोण उतरलं गं?"

मी वर तोंड करून पुनमला हाका मारल्या. गळा बसेपर्यंत मारल्या. वरून हूं की चूं नाही. नजमा आपल्या पोराला, अजीजला, बोलवायला धावली. मला थांबवेना. मी भिंतीला धरून, बसत-उठत जिना चढले. वर पोचेपर्यंत जिन्यातल्या झरोक्यातून दिसणारं ऊन पिवळं पडलं होतं. दिवस चांगलाच कलला होता.

खोलीत मात्र कवडसा अजून रेघेवरच होता...

हललाच नव्हता.

त्याच्यासमोर पुनम बसली होती. मांडी घातलेली, फोन बाजूला पडलेला. नजर कवडशावर. ओठ हलत होते.

आवाज नव्हता.

ती हाक मारत होती. मला ते ओठांवरून कळलं.

"कलला गं बाई, कलला. चल खाली," मी तिच्या कानाशी ओरडले. तिला ऐकू आलं नाही. खांदा हलवला, तर दगडासारखा जड.

काय करावं सुचेना. मी पदर काढून कवडशावर टाकला.

कवडसा पदरावर दिसायला हवा होता, पण खोलीत मिट्ट अंधार झाला.

आणि अंधारात एक हात माझ्या हातात आला...

मी तो घट्ट धरला आणि ओढतच खाली आणला. मागे वळून बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

बाहेर उजेडात पाहिलं, तर पुनमच होती. थोडी फिकट. अजीज पाण्याचा तांब्या घेऊन आला होता. ती घटाघटा प्यायली, मला म्हणाली, "आजी, घरी चल. भूक लागली."

वर काय झालं, ते तिने सांगितलं नाही. वर राहिलेल्या फोनची तर आठवणही काढली नाही. तो हातातून सुटला की जिचा जीव कासावीस व्हायचा, तीच ही पोरगी.

मी अजीजला सांगून बुरुजाचं दार विटांनी बुजवून घेतलं.

त्याला आता वर्ष होत आलं.

पुनम नोकरीवर आहे. जेवते, बोलते, हसते. तिच्या आईला, माझ्या सुनेला, तिच्यात काही वेगळं दिसत नाही. मीही दिसत नाही असंच म्हणते.

पण दार बुजवल्यापासून भर दुपारी बुरुजाकडून हाक येते...

"आजी, दिवस कललाऽऽ."

आवाज पुनमचा.

नजमालाही ऐकू येतो. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "मंजुळे, लेकराला किती तकलीफ होऊन राहिली असंल गं. देऊ का मी उत्तर?" मी तिचं तोंड दाबलं. मागच्या उत्तराला कोण उतरलं, ते मी विसरले नव्हते.

काल पुनम सुट्टीवर घरी आली. दुपारी माझ्यासमोर बसून मेथी निवडत होती. आणि हाक आली.

माझे हात थांबले. तिचे थांबले नाहीत.

मान खालीच ठेवून ती म्हणाली, "उत्तर देऊ नकोस, आजी."

उद्या ती हिंगोलीला परत जाईल. बाकीचे शेतात गेले की घरात मी एकटी असेन.

दुपारी हाक येईल...