कारवीसाठी अर्धी बॅटरी

बारातून सोळा भरतात का?

ऋजुताला वाटलं होतं, भरतात. न भरायला काय झालं? गाडी केवढी मोठी, आणि आपल्या ड्रोनची बॅटरी साबणाच्या वडीएवढी! म्हणून तिने गाडीच्या सॉकेटमधून दोन वायरी ओढल्या आणि थेट बॅटरीला टेकवायला घेतल्या. तेवढ्यात गाडीच ओरडली.

"ए बाय, हात मागे!"

गाडी बोलायची. तालुक्याची विनाचालक गाडी होती ती (ड्रायव्हर नसलेली, आपली आपण चालणारी). कागदोपत्री तिचं नाव 'स-सात', पण ऋजुताच्या पणजीने सकाळी बसल्याबसल्या तिचं बारसं करून टाकलं होतं. गाडोबा.

पणजी ब्याण्णव वर्षांची. तिचं माहेर समोरच्या दरीपलीकडे होतं, आणि तिथल्या उतारावर यंदा कारवी फुलली होती. कारवी सात-आठ वर्षं नुसतीच हिरवी उभी असते, मग एकदाच सगळा डोंगर जांभळा करून टाकते आणि वाळून जाते. म्हणजे यंदा हुकली की गेली आठ वर्षं. आणि ब्याण्णव वर्षांच्या माणसाने पुढच्या खेपेचा भरवसा कुणाला द्यायचा?

डांबरी रस्ता इथेच संपत होता. पुढची पायवाट पणजीच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती, आणि इथून तिच्या डोळ्यांना पलीकडचा उतार म्हणजे नुसता धुरकट डाग. म्हणून असं ठरलं होतं, की ऋजुता आपला कॅमेऱ्याचा ड्रोन पलीकडे पाठवेल आणि पणजी गाडीत बसून पडद्यावर फुलं बघेल.

आणि एवढं ठरलेलं असताना ऋजुताने काय करावं? वाटेत एकदा धरणापाशी ड्रोन उडवला, एकदा माकडांना चिडवायला उडवला. आता बॅटरी रिकामी आणि चार्जर घरी!

"एक वाजेपर्यंत दरीतलं धुकं वर चढेल," गाडोबा म्हणाला. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

ऋजुताने वायरी पुन्हा पुढे केल्या. "मग जोडू दे ना वायरी! का ओरडलास?"

"आधी सांग, पाणी कुठून कुठे वाहतं?"

"उंचावरून खाली."

"विजेचंही तसंच. व्होल्ट म्हणजे विजेची उंची समज (शाळेत त्याला विद्युतदाब म्हणतील). माझ्या सॉकेटची उंची बारा-तेरा व्होल्ट. तुझ्या बॅटरीत चार सेल आहेत (सेल म्हणजे वीज साठवणारी पिशवी), आणि ते एकावर एक रचल्यासारखे जोडलेत. भरलेल्या एका सेलची उंची चार पूर्णांक दोन. मग चारांची?"

ऋजुताने बोटांवर हिशेब केला. "सोळा पूर्णांक आठ."

"आणि रिकामी झाली तरी चौदाच्या आसपास. आता सांग, वायरी टेकवल्या असत्यास तर पाणी कुणीकडे वाहिलं असतं?"

ऋजुताचे डोळे मोठे झाले. "माझ्याकडून तुझ्याकडे! माझं होतं नव्हतं तेही गेलं असतं!"

"वर ठिणगी उडाली असती, वायरी तापल्या असत्या. म्हणून ओरडलो."

"म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि त्याच्याच पानातलं खायचं," मागून पणजी म्हणाली. "शोभतं का हो गाडोबा?"

"नाही शोभत आजी. म्हणून मध्ये वाढपी हवा. ऋजुता, समोरचा खण उघड. झाडांची मोजदाद करणारी मंडळी त्यांचा चार्जर त्यात ठेवतात."

खणात एक चपटी काळी डबी होती. गाडोबाने सांगितलं तसं ऋजुताने तिचं एक टोक सॉकेटमध्ये घातलं आणि दुसरं बॅटरीला लावलं. डबी टुक् करून बोलली.

"पण ही तरी बाराचे सोळा कसे करणार?"

"आजी, मोट आठवते?"

"न आठवायला काय झालं? माझा भाऊ हाकायचा."

"तसंच आहे बघ, ऋजुता. विहिरीतलं पाणी आपण होऊन वर येत नाही. मोट खाली जाते, भरते, वर येऊन रिकामी होते, पुन्हा खाली. या डबीत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आहे. ते क्षणभर माझ्याकडची वीज भरून घेतं आणि पुढच्या क्षणी जास्त उंचीवर ओततं. सेकंदाला हजारो खेपा!"

"फुकटात उंची मिळते?"

"छे! उंची वाढते तशी धार बारीक होते. माझ्याकडून तीन अँपिअर घेतले (अँपिअर म्हणजे धारेचं माप), तर तुझ्या बॅटरीला दोनच पोचतात."

"दोन? मग भरायला तासभर लागेल! दहा कर ना गाडोबा. प्लीज!"

गाडोबा काही बोलायच्या आत पणजी हसायला लागली. "अगं, माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात मी व्याह्यांना आग्रह करकरून अकरा जिलब्या वाढल्या. नको नको म्हणत होते बिचारे. तीन दिवस आडवे होते!"

"या बॅटरीचंही तेच होतं," गाडोबा म्हणाला. "आग्रह केला की ती फुगते. कधी पेटतेसुद्धा. म्हणून घरीसुद्धा मोठं माणूस जवळ असल्याशिवाय भरायची नाही."

डबीवर चार आकडे चमकत होते. तीन सेल तीन पूर्णांक सहावर होते, चौथा तीन पूर्णांक पाचवर.

"हा चौथा मागे का?"

"जरा सावकाश जेवतो. सगळ्यांची बेरीज बघून वाढत गेलं, तर हा उपाशी राहायचा आणि दुसऱ्याचं पान वाहून जायचं. म्हणून डबी चारही पानांवर वेगळी नजर ठेवते. पुढे गेलेल्याचं थोडं काढून घेते, मागच्याला गाठू देते."

"खरा वाढपी," पणजी म्हणाली.

पण ऋजुताचं लक्ष खिडकीबाहेर होतं. खालची झाडं एकेक करून पांढरी होत चालली होती. "तासभर नाहीये आपल्याकडे," ती हळूच म्हणाली. "पणजी, तुझी मिनिटं मी माकडांवर घालवली."

पणजीने तिला जवळ ओढलं. "माकडं मीही बघितलीच की. त्या लेकुरवाळ्या माकडिणीचा पोरगा कसा दात दाखवत होता! आणि पोटभर कशाला हवंय? जाऊन येण्यापुरतं झालं तरी पुष्कळ."

ऋजुता ताडकन उठून बसली. पूर्ण बॅटरीवर ड्रोन बारा मिनिटं उडायचा. अर्धा तास भरली तर साधारण अर्धी होईल, म्हणजे सहा मिनिटं. जायला दोन, यायला दोन, आणि एक शिल्लक हवंच. अगदी तळापर्यंत खरवडली तर बॅटरी आजारी पडते. उरलं एक.

"एक मिनिट मिळेल, पणजी."

"अगं, मिनिट केवढं मोठं असतं!"

पावणेएकला डबी सोडवली. ड्रोन उडाला, दरी ओलांडून गेला, आणि पडदा जांभळा झाला.

पणजी पुढे वाकली. पडद्यावर फुलंच फुलं, त्यांवर मधमाश्यांची झुंबड. मग तिने काचेला बोट लावलं. "ही वाट... इथून आम्ही मधमाश्यांची पोळी बघायला जायचो. कारवीचा मध काढायचा माझा बाप. खाली घे गं जरा... अस्सं."

"परत," गाडोबा हळूच म्हणाला.

ऋजुताचा अंगठा अडखळला. अजून थोडं, एवढंसंच! पण पणजीनेच तिच्या हातावर हात ठेवला. "आण त्याला घरी."

धुक्याने उतार पुसला तेव्हा ड्रोन गाडीच्या टपावर टेकत होता. पणजीचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

ऋजुताने टपावरचा ड्रोन काढून आत ठेवला. मग तिने दप्तरातून वही काढली.

"गाडोबा, चार सेल एवढासा ड्रोन उचलतात. माणूस उचलायला किती लागतील?"

"शेकड्यांनी. आणि आजच्यापेक्षा हलके सेल लागतील. ते अजून कुणीतरी शोधायचेत."

"आठ वर्षं आहेत," ऋजुता म्हणाली. "पणजी, तुझं वजन किती?"

"अडतीस. तोवर थोडी कमीच भरेन."

ऋजुताने मान हलवली आणि वहीत लिहिलं, चाळीस.

"अगं, अडतीस म्हटलं ना मी?"

"हो. पण येताना तुझ्या मांडीवर फुलं असतील ना."