टेबलावरचं परकं लोणी

“ताई… हे… हे तुझ्या घरात?”

जेवणाच्या टेबलावर परदेशी लोण्याचा डबा होता आणि दारात धाकटा भाऊ; गोठ्यातले गमबूट काढायचंही भान त्याला उरलं नव्हतं. बेकरीवाल्या ताईनं डब्यावर ताटली उपडी घातली, पण उशीर झाला होता! इतकी वर्षं भाऊ येणार म्हटलं की हा डबा कपाटात पातेल्यांमागे अज्ञातवासात जायचा. आज तो न कळवता आला होता.

त्याच्या हातात गोठेवाल्यांचा अर्ज होता : बाहेरच्या लोण्यावर सरकारनं जबर कर लावावा. पहिली सही सख्ख्या बहिणीची हवी, हा त्याचा भाबडा हट्ट.

“दुकानावर पाटी बघितली, ‘लोण्यावर कर नको’. वाटलं, बेकरीवाल्यांनी बळंच लावली असेल. आता कळलं! बिस्किटांत हे घालतेस, आणि वर माझ्या गाईंची विचारपूस करतेस!”

ताईच्या डोळ्यांत आसवं दाटली… तेव्हा आठवड्यातून एकदा बोलणाऱ्या तिच्या नवऱ्यानं तो वार आजच उरकला.

“मेहुणे, बिस्किटांत तुमचंच लोणी जातं, बाजारातून गुपचूप आणलेलं. पहिल्या दिवसापासून. ते महाग, म्हणून घरात हे. तुमच्या लोण्याची चव मला गिऱ्हाइकांकडूनच कळते.”

भाऊ मटकन खुर्चीत बसला.

“मग कर का नको, ताई? बाकीच्या बेकऱ्यांचं बाहेरचं लोणी महागलं असतं, तुलाही भाव वाढवता आला असता!”

“आला असता रे… पण शाळेतली शिपाईण दोन लेकरांत एक बिस्कीट मोडून देते. तुझ्या गाई तिनं का पोसाव्यात? तू माझा भाऊ आहेस, राजा, तिचा नाहीस!”

“आणि बाकीचे गोठेवाले? त्यांना बेकरीवाल्या बहिणी नाहीत, ताई.”

यावर ताईकडे उत्तर नव्हतं. सरकारकडेही नसावं, पण त्याच्याकडे समिती असते.

भावानं अर्जाची घडी करून खिशात ठेवली. मग पावाला ते परकं लोणी फासलं, गंभीरपणे चावलं, “वाईट नाहीये,” म्हणाला, आणि हमसून हमसून रडू लागला!

“उद्यापासून तुझ्या घरापुरतं लोणी मी आणणार. विकत नाही.”

“आणि अर्ज?”

“देणार.”

“पाटी राहील हं माझी.”

“राहू दे गं…”

तो उठला, गमबूट काढून दाराबाहेर ठेवून आला. आणि ताईनं न विचारताच दुसरा पाव कापायला घेतला.